सुई ओवता येते, तरीही डोळ्याचा पडदा तपासा



मिरजगावच्या आमच्या वस्तीत माझी आई गोधड्या शिवायची. शुगर निघून तिला नऊ वर्षे झाली होती. "आई, डोळे दाखवून येऊ" म्हटले की ती सुई हातात घ्यायची, दोऱ्याचे टोक ओठांत ओले करायची आणि एका झटक्यात ओवून दाखवायची. "हे बघ. मला काय धाड भरलीय?" यावर आम्ही गप्प. मी स्वतः आरोग्यसेवक. दिवसभर लोकांची बोटे टोचून साखर पाहायची, वहीत आकडे लिहायचे, गोळ्या चालू आहेत ना विचारायचे, हे माझे काम. आणि घरात मात्र सुईवर विश्वास ठेवून बसलो.

मध्ये एकदा मोतीबिंदूचे शिबिर झाले. बॅटरीच्या उजेडात डोळे पाहिले, मोतीबिंदू नाही असे सांगितले. ते खरेच होते. पण आईने त्याचा अर्थ 'डोळे चांगले आहेत' असा घेतला आणि आम्हीही तसाच घेतला. पुढे ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत एका सकाळी ती म्हणाली, "डोळ्यापुढं कोळिष्टकं तरंगत्यात." कडब्याची धूळ गेली असेल म्हणून पाण्याने डोळे धुतले. पंधरा दिवस तसेच गेले. मग उजव्या डोळ्यापुढे काळे आले, ते हटलेच नाही. नगरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, आत पाहिले आणि सांगितले की डोळ्याच्या आत रक्त उतरले आहे, मागचा पडदा ओढला गेला आहे, आणि हे पंधरा दिवसांचे काम नाही, कित्येक वर्षांचे आहे. डाव्या डोळ्यातही तेच सुरू झाले होते. त्याच डोळ्याच्या भरवशावर ती सुई ओवत होती.

कित्येक वर्षे आत मोडतोड चालते आणि माणसाला पत्ता लागत नाही, हे कसे होते, ते समजून घेण्यासारखे आहे. कारण ते एकदा समजले की दरवर्षी तपासणीला जा, असे दुसऱ्याने सांगण्याची गरज उरत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण म्हणतो, "म्हातारीच्या डोळ्यावर पडदा आला." तो मोतीबिंदू. डोळ्याच्या पुढच्या भागातले पारदर्शक भिंग गढूळ होते, म्हणून दिसेनासे होते. ते भिंग काढून नवे बसवले की परत दिसते. या लेखातला पडदा वेगळा. तो डोळ्याच्या अगदी मागच्या भिंतीला आतून चिकटलेला असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. जाडीला पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कांद्याच्या पातीच्या सालीसारखा. तो बाहेरून बॅटरी मारून दिसत नाही आणि तो बदलून दुसरा बसवताही येत नाही. मोतीबिंदूच्या शिबिरात 'डोळे चांगले' ठरलेल्या माणसाचा पडदा खराब असू शकतो, तो असा.

हा पडदा म्हणजे मेंदूचाच एक तुकडा आहे. आईच्या पोटात बाळ वाढत असताना मेंदूपासूनच तो पुढे वाढून डोळ्यात येतो. त्यात उजेड टिपणाऱ्या दहा कोटींहून अधिक पेशी असतात. त्यांनी टिपलेले पुढच्या मज्जापेशी निवडतात, जुळवतात आणि दहा लाखांच्या आसपास तंतूंच्या जुडग्यातून मेंदूकडे पाठवतात. हे काम फार खर्चाचे. वजनाच्या मानाने पाहिले तर शरीरात सर्वाधिक प्राणवायू खाणाऱ्या भागांत या पडद्याचा नंबर लागतो. म्हणून त्याला रक्तही तसेच लागते, आणि ते रक्त केसाहून बारीक नळ्यांतून येते.

या मज्जापेशी आणि या नळ्या एकमेकींच्या इशाऱ्यावर चालतात. गावातले नळाचे पाणी आठवा. पाणी सोडणारा माणूस हुशार असेल तर कुठल्या आळीला कधी जास्त लागते ते ओळखून तो तिकडचा व्हॉल्व्ह उघडतो. पडद्यातही असेच आहे. डोळ्यासमोर उजेड लुकलुकला, मज्जापेशींचे काम वाढले, की तिथल्या रक्तवाहिन्या लगेच रुंदावतात आणि जास्त रक्त सोडतात. मज्जापेशी आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये आधाराच्या पेशी असतात, त्या निरोप्याचे काम करतात. मधुमेहात हा निरोप लवकर बिघडतो. लुकलुकता उजेड टाकून मोजले तर मधुमेही माणसाच्या रक्तवाहिन्या कमी रुंदावतात, आणि हे पडद्यावर एकही डाग दिसण्याच्या आधी घडलेले असते. पाणी सोडणारा माणूस बहिरा होत चालला आहे, पण नळाला अजून पाणी येते आहे, तेव्हा कोण तक्रार करणार?

पूर्वी डॉक्टर हा आजार फक्त रक्तवाहिन्यांचा मानत. आता तसे मानत नाहीत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मधुमेही उंदरांच्या आणि मधुमेही माणसांच्या पडद्यात मज्जापेशी स्वतःहून मरत असल्याचे दिसले. रक्तातली जास्त साखर मज्जापेशींना थेटही इजा करते. पायाचे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. शुगरवाल्याच्या तळपायाला मुंग्या येतात, आग होते, पुढे बधिरपणा येतो, चप्पल निसटली तरी कळत नाही. ते मज्जातंतूंचेच दुखणे. पण पाय निदान मुंग्यांनी सांगतो तरी. डोळ्याच्या पडद्याला वेदनाच नाही. तो दुखत नाही, खाजत नाही, लाल होत नाही.

त्याची सुरुवातीची चिन्हे इतकी बारीक असतात की माणूस ती वयावर ढकलतो. दिवेलागणीला उंबरठ्याची कड नीट कळत नाही. उन्हातून घरात आल्यावर डोळा सरावायला जास्त वेळ लागतो. फिक्या रंगांतला, विशेषतः निळ्या-पिवळ्या छटांमधला फरक पुसट होतो. अशी चिन्हे मोतीबिंदूतही होतात, म्हणून त्यांवरून घरी बसून निदान करू नये. आणि ती नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नये.

आता नळ्यांकडे येऊ. या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला बाहेरून काही पेशी हाताच्या पंजासारख्या आवळून धरतात. वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की या पेशी मरतात. मग काय होते, ते सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. टायर झिजला की त्या जागी ट्यूबला फुगा येतो. रक्तवाहिनीलाही तसाच टिचभर सुद्धा नाही, टाचणीच्या टोकाहून लहान फुगा येतो. डॉक्टरांना तो लाल ठिपक्यासारखा दिसतो. बहुतेकांच्या बाबतीत पडद्यावर दिसणारी ही पहिली खूण.

फुगा पाझरतो. पाझरलेले पाणी शरीर हळूहळू शोषून घेते, पण त्यातली चरबी मागे राहते. बोअरचे क्षाराचे पाणी सुकले की हंड्याला पांढरा थर धरतो, तसे पडद्यावर पिवळे कण साचतात. पडद्याच्या मधोमध एक जागा असते, तिला पीतबिंदू म्हणतात. वाचणे, सुई ओवणे, तांदळातले खडे वेचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक कामे त्या एवढ्याशा जागेवर चालतात. तिथे पाणी मुरले की अक्षरे वाकडी दिसतात, मध्येच धूसर होते. बरीच माणसे या टप्प्याला दवाखान्यात येतात, कारण आता कुठे अडचण जाणवते.

पण पाझर कडेला असेल तर? तर मधली जागा शाबूत राहते आणि सुई ओवली जाते. आईचे हेच झाले. शिवाय डोळे दोन. एकाचे कमी झाले की दुसरा त्याचे काम करतो आणि माणसाला वाटते, दिसतेय की. म्हणून महिन्यातून एकदा भिंतीवरचे कॅलेंडर एका ठरलेल्या जागेवरून आधी एक डोळा तळहाताने झाकून, मग दुसरा झाकून वाचून पाहावे. तळहाताने झाकावा, दाबू नये. फरक वाटला तर लगेच दवाखाना गाठावा. फरक नाही वाटला तरी वर्षाची तपासणी चुकवू नये, कारण कॅलेंडरही मधल्या जागेनेच वाचले जाते.

पाझरण्यापुढचा टप्पा तुंबण्याचा. ठिबकच्या नळीत क्षार बसून काही छिद्रे बंद होतात आणि त्या जागची रोपे वाळतात, हे आपल्याकडे शेतमजुरीला जाणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. पडद्यातल्या बारीक नळ्या अशाच जागोजागी बंद पडतात. तिथले मज्जातंतू उपाशी राहून सुजतात, त्यांचे कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे डाग दिसतात. उपाशी पडदा मग रक्ताची मागणी करणारे एक रसायन सोडतो. त्या हाकेला नव्या रक्तवाहिन्या उगवतात. ऐकायला हे चांगले वाटते, पण त्या कच्च्या असतात आणि वाढतात भलतीकडेच, डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या जेलीसारख्या द्रवाकडे. जरा कशाने त्या फुटतात. फुटून उतरलेले रक्त म्हणजे आईची कोळिष्टके. पुढे त्या वाहिन्यांभोवती वण धरतो, वण आकसतो, आणि भिंतीचा पोपडा निघावा तसा पडदा ओढून सुटा करतो. तिथून परत येणे फार अवघड.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. चाळिशीपुढच्या मधुमेहींच्या देशव्यापी तपासणीत, जिचे निष्कर्ष २०२२ साली आले, साधारण दर आठ जणांमागे एकाच्या पडद्यावर मधुमेहाची खूण सापडली. आपल्या वस्तीत अजूनही ऐकू येते की शुगर हा बसून खाणाऱ्यांचा आजार, आपण राबणारी माणसे, आपल्याला कशाला होईल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षे काम करून दाखवले आहे की आपल्याकडे अंगाने बारीक दिसणाऱ्या माणसाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते आणि त्याची मुळे आईच्या पोटात असतानाच्या पोषणापर्यंत जातात. तेव्हा काटकुळा माणूस म्हणजे शुगरमुक्त माणूस, हे मनातून काढून टाकावे.

इथे बाबासाहेबांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. घराघरातल्या तसबिरीत आपण त्यांचा चष्मा पाहतो. त्यांना मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांच्या वेदना, मंदावलेली दृष्टी आणि काठीचा आधार, या अवस्थेत ते काम करीत राहिले. १९५४ साली कित्येक महिने ते अंथरुणाला खिळले होते. त्याच काळात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम चालू होते. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांच्या डोळ्यांचे निदान करणे हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा त्या काळाचा आहे. इन्सुलिन १९२२ पासून माणसांना दिले जात होते, पण मधुमेहाने बिघडलेल्या पडद्यावर खात्रीचा असा इलाज त्या काळी जगात कुठेच नव्हता, दिल्लीत नाही आणि लंडनमध्येही नाही. लेसरचा शोधच १९६० चा. लेसरसारख्या प्रकाशाने पडदा डागला तर दृष्टी जाण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७६ साली सिद्ध केले. म्हणजे महापरिनिर्वाणानंतर वीस वर्षांनी. कायदामंत्री राहिलेल्या माणसाला जे मिळू शकले नसते, ते आज मिरजगावच्या मजुराला एसटीच्या तिकिटावर गाठता येते. आणि आपण शिबिरातल्या बॅटरीवर समाधान मानतो.

कोणी कधी तपासायचे? मोठ्या वयात शुगर निघाली असेल तर ज्या दिवशी निघाली त्याच महिन्यात. कारण शुगर निघण्याआधी ती अंगात कित्येक वर्षे दडून असू शकते, आणि काहींच्या पडद्यावर पहिल्याच दिवशी खुणा सापडतात. त्यानंतर दरवर्षी एकदा. लहानपणापासून इन्सुलिनवर असणाऱ्या मुलांची तपासणी आजार सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुरू व्हावी. आधीपासून मधुमेह असलेल्या मुलीला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवावा, कारण गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो. सासरी-माहेरी दोन्हीकडच्यांनी हे लक्षात ठेवावे.

शुगर आहे की नाही हेच माहीत नसेल, तर तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासला जातो. आशाताई घरी येऊन जो कागद भरून नेतात तो याचसाठी असतो. त्यांना "आम्हाला काही नाही" म्हणून दारातून परत पाठवू नका.

डोळ्यांच्या विभागात गेल्यावर नेमके काय म्हणायचे, तेही सांगतो. "डोळे तपासायचे आहेत" एवढेच म्हटले तर चष्म्याचा नंबर काढून मिळेल. असे म्हणा: "मला मधुमेह आहे, बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासून हवा आहे." मग डोळ्यांत थेंब टाकतात. अर्ध्या तासात बाहुली पसरते आणि डॉक्टरांना आतले सगळे दिसते. शरीरात काहीही न कापता रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू थेट पाहता येतात अशी ही एकमेव जागा. काही ठिकाणी पडद्याचा फोटो काढणारे यंत्रही असते. त्रास काही नाही, फक्त पुढचे चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन डोळ्यांत खुपते. म्हणून मोटारसायकलवर एकट्याने जाऊ नये. सोबत माणूस न्यावा, टोपी किंवा पदर असावा. काचबिंदूचा त्रास असेल तर थेंब टाकण्याआधी सांगावे.

आपल्याकडून नगरचे जिल्हा रुग्णालय पन्नासएक किलोमीटर. सोलापूर रस्त्यावर गाड्यांना तोटा नाही. पुढचे उपचार लागले तर पुण्याला ससून आहे, हडपसरजवळ देसाई नेत्र रुग्णालय आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. सांगितलेला उपचार योजनेत बसतो का, हे पैसे भरण्याआधी तिथे विचारा, नंतर नव्हे.

उपचारांबद्दल वस्तीत जी भीती आहे, तीही बोलून टाकू. "लेसर केलं आणि दिसायचं कमी झालं" असे सांगणारे भेटतात. लेसर गेलेली नजर परत आणत नाही. जी आहे ती राखतो. पडद्याच्या कडेचा उपाशी भाग लेसरने डागून शांत केला जातो, म्हणजे तो रक्तासाठी हाका मारायचा थांबतो आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. मधली जागा वाचवण्यासाठी कडेचा थोडा भाग खर्ची घालायचा, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे रात्रीचे किंवा बाजूचे थोडे कमी दिसू शकते. हे आधी सांगितले तर माणूस घाबरत नाही. न सांगता केले तर तो दुसऱ्या खेपेला येतच नाही, आणि खेपा दोन-तीन लागतात. मधल्या जागेला सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर केलेला असतो. ते औषध त्या हाक मारणाऱ्या रसायनालाच अडवते. इंजेक्शने एकापेक्षा जास्त लागतात, बहुधा महिन्याच्या अंतराने. दोन घेऊन बरे वाटले म्हणून थांबलेले रुग्ण मी पाहिले आहेत. आत रक्त साचून राहिले किंवा पडदा ओढला गेला तर शस्त्रक्रिया.

आणि या सगळ्याच्या मुळाशी साखर व रक्तदाब. इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात, जो १९९८ साली पूर्ण झाला, रक्तदाब काटेकोर ठेवलेल्या मधुमेहींमध्ये पडद्याचा आजार बळावण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने कमी झाले. म्हणून शुगरची गोळी चालू आणि बीपीची बंद, असे करू नये. बोटाची साखर ही त्या दिवसाची असते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी असते, ती डॉक्टरांकडे मागावी. दवाखान्याच्या आदल्या दोन दिवशी उपास करून आकडा चांगला आणणारे हुशार लोक तिथे पकडले जातात. आमच्या घरातही एक होते.

मिश्री हा तंबाखूच आहे, हे आया-बहिणींना वेगळे सांगावे लागते. दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा होतो, तोही मोजून पाहावा. भाकरी सोडायची गरज नाही, पण ताटात भाकरीच्या बरोबरीने भाजी आणि डाळ-उसळ दिसली पाहिजे. डोळ्यांत मध, गुलाबपाणी, कुठल्या पाल्याचा रस काही घालू नये. आजार मागच्या भिंतीवर आहे, पुढच्या दारात औषध ओतून तिथे पोचत नाही. चष्म्याचेही एक लक्षात ठेवा. साखर वर-खाली होत असताना डोळ्याचे भिंग फुगते-ओसरते आणि नंबर बदलत राहतो. साखर ताब्यात आल्यावर काही आठवड्यांनी नंबर काढा, नाहीतर बाजारातून घेतलेला चष्मा महिन्यात खुंटीला लागतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळाच. दिवाळीच्या सुमारास निघायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. या काळात गोळ्या तुटतात, लेसरच्या तारखा चुकतात. निघण्याआधी पडदा तपासून घ्यावा, निदान दोन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि जुना कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपावा. तो दाखवला तर कारखान्याच्या गावच्या सरकारी दवाखान्यातही औषध पुढे चालू ठेवायला सोपे जाते. इन्सुलिन असेल आणि खोपटात फ्रीज नसेल, तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून माठाच्या गारव्याला ठेवावी. कोपीच्या पत्र्याखाली किंवा ट्रॅक्टरच्या डिकीत नाही.

डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा धागे तरंगू लागले, वीज चमकल्यासारखे झाले, एका बाजूने काळी कनात सरकत आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी निघायचे. सुगी, लग्न, जयंतीची वर्गणी, काहीही असो. आम्ही घालवलेले पंधरा दिवस कुणी घालवू नयेत.

आईच्या उजव्या डोळ्याला आता फक्त हात हललेला कळतो. डाव्यावर तीन खेपांत लेसर झाले, तो टिकला आहे. सुई मी ओवून देतो, टाके तीच घालते, आणि पूर्वीपेक्षा मोठे घालते म्हणून स्वतःवरच चिडते. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही एक वही उघडली. ज्यांना शुगर आहे त्यांचे नाव, कधीपासून आहे, आणि पडदा शेवटचा कधी तपासला. पहिल्या दिवशी तेवीस नावे आली. तिसऱ्या रकान्यात आईचे सोडून एकाचेही काही लिहिता आले नाही. थेंब टाकल्यावर एकट्याने परत येणे अवघड, म्हणून सात-आठ जण मिळून एक जीप करायची आणि बरोबर एक तरुण द्यायचा असे ठरले आहे. पहिली जीप येत्या मंगळवारी सकाळी सहाला समाजमंदिरापासून निघेल.